न लागणारी सुरी

रक्त आधी सुबोधने पाहिलं. हेमांगी ओट्याशी उभी राहून डब्यासाठी पपई चिरत होती. मागे सुबोध, तिचा नवरा, एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. तो एकदम "अगं ए, हात! हात बघ!" असं ओरडला, तेव्हा तिने आधी त्याच्याच हाताकडे पाहिलं. मग पपईकडे. पपई चांगली पिकलेली, लालसर होती, त्यामुळे फोडींवरून ओघळतंय ते जरा जास्तीचं लाल आहे हे कळायला तिला वेळ लागला, आणि ते आपल्याच डाव्या अंगठ्यातून येतंय हे कळायला त्याहून जास्त. सुरी अजून अंगठ्यातच होती. तिने ती बाहेर काढली. दुखणं मागाहून आलं, सावकाश, कुणीतरी आठवण करून दिल्यावर यावं तसं. सुबोधने मूठभर हळद दाबली, जुन्या ओढणीची चिंधी बांधली, आणि रक्त थांबतंय असं दिसल्यावर त्याला नेहमीचा सूर सापडला. "जगाला न लागणारी सुरी विकायला निघालेत, आणि घरात बघा, दिव्याखाली अंधार!" ती हसली. हसण्यासारखंच होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला भाजी-फळं चिरताना कापणं यात नवल ते काय? तिचं मन अडकलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. तिचा हात मागे आला नव्हता. हाताची स्वतःची एक अक्कल असते, ती डोक्याला विचारत बसत नाही. तवा तापलेला असो, दाराची फट असो, हात आधी मागे येतो आणि मग माणूस "आई गं" म्हणतो. आज हात तिथेच राहिला होता, शहाण्या मुलासारखा, आणि सुरी आत जात होती. नवऱ्याने पाहिलं नसतं तर कुठवर गेली असती, हा विचार तिने मुलुंडच्या त्या स्वयंपाकघरात अर्धवट सोडला, पपई केराच्या डब्यात टाकली आणि रिक्षा पकडली.

पवईला, तलावाच्या मागच्या बाजूला जी काचेची इमारत आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर हेमांगीची कंपनी होती. स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणारी, नवीनच. हेमांगी आधी दुसरीकडे मिक्सरची पाती तपासायची, तिथून इथे आली. गेली दोन वर्षं तिच्याकडे एकच काम होतं, ती सुरी. दिसायला साधी, मूठ जरा जाडसर, कारण आत बॅटरी. पातं स्वतः फार धारदार नव्हतंच. बटण दाबलं की ते थरथरायचं, डोळ्याला दिसणार नाही आणि कानाला ऐकू येणार नाही इतकं बारीक, आणि त्या थरथरीने गाजर, मटण, सुरण, काय म्हणाल ते लोण्यासारखं कापलं जायचं. पण माणसाच्या कातडीला टेकली की पात्याला ते कळायचं आणि थरथर मरायची. मग हातात उरायची ती एक चपटी पट्टी, चमच्याच्या कडेइतकीच बोथट. हेमांगीचं काम होतं कातडी पुरवणं. म्हणजे कागदावर हुद्दा मोठा होता, पण काम तेच. चालू सुरीवर अंगठा टेकवायचा. सरळ टेकवायचा, तिरका टेकवायचा, ओला, तेलकट, हळदीने माखलेला टेकवायचा. सुरुवातीला तिचा हात काही केल्या ऐकेना. डोक्याला ठाऊक होतं की लागणार नाही, पण पात्यापासून बोटभर अंतरावर आला की हात झटक्याने मागे. हाताखालची पोरं हसायची. तिचा साहेब निमेश, तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि दिलखुलास, म्हणायचा, "हेमांगीताई, हाताला समजवा ना यार, दुनिया बदललीय." आणि तिने समजावलं. महिनाभर रोज समजावलं. एक दिवस हात गेला, टेकला, पातं थांबलं. मग पुन्हा. मग इतक्या वेळा की सवय झाली, आणि सवयीचा थोडा गर्वही. बाहेरून कुणी बघायला आलं की निमेश तिलाच बोलवायचा. मराठी जाहिरातीसाठी दोन शब्द हवे होते तेही तिनेच दिले होते. लागत नाही. बस, एवढंच. खोक्यावर मोठ्या अक्षरात ते छापलं गेलं तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

आज इमारतीच्या दारात झेंडूची तोरणं होती. ती पाहिली आणि तिला आठवलं. आज खंडेनवमी. उद्या दसरा. इतकी वर्षं मुंबईत राहून, तीही असल्या धंद्यात, तिला त्याचा पत्ता नव्हता, आणि आजच्याच दिवशी तिने सकाळी सुरी चालवली होती. त्यांच्या घरात खंडेनवमीला कशालाही पातं लावत नसत. विळी घासून, धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. तिला आई मालवणीत आडाळी म्हणायची. शेजारी बाबांची कातर. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी गेली, पण सूत कापायची ती छोटी कातर तेवढी घरी राहिली. त्या दिवशी भात, डाळ आणि हाताने मोडलेला पालेभाजीचा घास, कांदासुद्धा बुक्कीने फोडलेला. "वर्सभर राबता ती," आई म्हणायची, "एक दिस तिका बसान दी." लहानपणी हेमांगीला वाटायचं, विळी खरंच थकत असेल. ती पाटाशी वाकून विळीचं पातं न्याहाळायची आणि आई मागून दंडाला धरून ओढायची. पूजेच्या दिवशीही जवळ जाऊ द्यायची नाही. आठ वर्षांची असताना आईने तिला पहिल्यांदा विळीवर बसवलं, पाटावर उजवा पाय दाबायला शिकवलं, हातात कोबी दिला. कसं कापायचं हे सांगायच्या आधी सांगितलं ते हे, "हिका भियाक व्हया. भियलंस तर ती तुका सांभाळतली." घाबरायचं कसं हे शिकवणारी आई हेमांगीने दुसरी पाहिली नव्हती. बाकीच्या आया "घाबरू नको" म्हणतात. त्यांच्या चाळीतल्या सगळ्या बायकांच्या डाव्या अंगठ्याला बारीक काळ्या उभ्या रेघा असायच्या, चिरलेल्या भाजीचा चीक मुरून मुरून पडलेल्या, कितीही घासा, न जाणाऱ्या. आईच्या अंगठ्यावर सगळ्यात दाट. हेमांगीच्या अंगठ्यावरच्या त्या रेघा कधी पुसल्या गेल्या ते तिला सांगता आलं नसतं.

चौथ्या मजल्यावर स्टीलच्या ताटात सुरी ठेवली होती, मुठीला झेंडूचं फूल, पात्यावर कुंकवाचं बोट. निमेशने नारळ फोडला आणि बोलायला उभा राहिला. तो बोलायला लागला की भविष्यकाळातच बोलायचा. पंचवीस वर्षांनी, तो म्हणाला, घराघरांत धार नावाची गोष्टच नसेल. भाजी येईल ती चिरून येईल, पाण्याच्या फवाऱ्याने नाहीतर आवाजाने कापलेली. जी काही पाती उरतील ती मालकाचा हात ओळखतील, राग ओळखतील, परक्याच्या हातात मरून पडतील. साधी सुरी बाळगायला बंदुकीसारखा परवाना लागेल. "आपल्या नातवंडांना ना," तो हसून म्हणाला, "कापलं म्हणजे काय, हे चित्र काढून समजवावं लागेल. झकास की नाही?" टाळ्या पडल्या. हेमांगीनेही वाजवल्या, चिंधी बांधलेल्या अंगठ्याला सांभाळून. एरवी तिला हे सगळं आवडायचं. रिक्षात बसली की ती स्वतःच ती पुढची मुंबई रंगवत बसायची. त्या मुंबईत मालाडच्या बाजारात मासे कापायला बसलेली बाई नाही, कोयता नाही, तुकडे मात्र आहेत. कुठल्याशा संग्रहालयात काचेआड विळी उभी आहे, आणि बाई पोरांना सांगतेय की आपल्या पणज्या हिच्यावर बसायच्या, जमिनीवर, धारेकडे तोंड करून, रोज. पोरं विचारतात, रोज? धार हा शब्द दुधापुरता उरलाय. केसाने गळा कापणं वगैरे म्हणी परीक्षेला येतात आणि कुणाला त्यांचा अर्थ लागत नाही. आज मात्र त्या मुंबईतले हात तिला दिसायला लागले. गोरे, गुळगुळीत, एक व्रण नसलेले, आणि कशापासूनच मागे न येणारे हात. लाखो हात, दारात, यंत्रात, काचेत, शहाण्यासारखे तिथेच थांबलेले. असल्या शहरात कुठल्यातरी माळ्यावर एक जुनं पातं राहून गेलेलं असणारच. ते कुणाच्या तरी हाताला सापडणारच.

आणि ते तिच्यादेखत झालंच म्हणायचं. पेढ्यांचं खोकं सुतळीने बांधलेलं होतं. निमेशने टेबलावरचं कागद कापायचं साधं पातं उचललं, आणि सुतळीला लावण्याआधी, बोलता बोलता, धार आहे का बघावं म्हणून अंगठा त्याच्या कडेवरून लांबलचक ओढायला घेतला. आडवा नव्हे, उभा, धारेच्या रेघेवरून. हेमांगीने त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात की पातं खाली पडलं. "साधं आहे ते!" ती ओरडली. "निमेश, ते साधं आहे!" त्याने आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मग हसला. मग सगळेच हसले. "ताई, तुम्ही आज टेन्शनमध्ये दिसता," तो म्हणाला. कुणीतरी दातांनी सुतळी तोडली, पेढे फिरले. हेमांगीने पेढा हातात घेतला आणि तिला आई आठवली. आठवली म्हणजे, सकाळपासून जो विचार ती अर्धवट सोडत होती तो पुरा झाला. तिने तीच सुरी आईला दिली होती. शिमग्यानंतर. सहा-सात महिने आई रोज तीच चालवत होती, आणि आज खंडेनवमी होती.

ती जिन्यात गेली आणि जयंतीला फोन लावला. जयंती म्हणजे विक्रोळीला आईच्या खोलीसमोर राहणारी, आईवर डोळा ठेवणारी शेजारीण. हेमांगी नि तिचा थोरला भाऊ राजेश दोघं मिळून करत नव्हते तेवढं ती एकटी करायची. "बऱ्या आहेत गं," जयंती म्हणाली, "सकाळपासून पूजेची गडबड चाललीय त्यांची. विळी कशी घासलीय बघ, आरसा केलाय नुसता." हेमांगीने विचारलं, विळी कशी आली खाली? ती तर माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून, मीच ठेवली होती. "अगं, गणपतीच्या आधीच त्यांनी मागितली, मी काढून दिली. पूजेला लागते म्हणाल्या. का गं? काय झालं?" काही नाही, येतेच मी, असं म्हणून हेमांगी खाली उतरली आणि रिक्षावाल्याला विक्रोळी पार्कसाइट म्हणाली. चिंधीखाली अंगठा ठणकायला लागला होता.

पवईहून विक्रोळी ती काय लांब, पण जोडरस्त्यावर खोदकाम चाललं होतं आणि रिक्षा पुढे सरकेना. गेल्या वर्षी आईने हात कापून घेतला होता. भोपळा कापता कापता ती मध्येच विसरली होती, आपण काय करतोय ते. नुसती बसून राहिली आणि मग उठायला म्हणून हात टेकला तो पात्यावर. तळव्याला टाके पडले. डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणाले. राजेश बोरिवलीला राहतो. तो "आईचं डोकं गेलं" म्हणायचा. हेमांगी "हल्ली विसरते" म्हणायची. तिघांचं म्हणणं एकच होतं. राजेश म्हणाला, "माझ्याकडे जागा नाही, तुझ्याकडे दिवसभर घरात माणूस नाही. कर्जतला एक चांगली संस्था आहे, बाग वगैरे आहे, बघून ये." आईने ते ऐकलं होतं. ती रागावली नाही. पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाली, "माका हयसून हलवा नको. हलवलास तर मी रवचंय नाय." तिने या खोलीत चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढली होती, आणि आता बाकी सगळं तिच्या डोक्यातून गळत असताना ती खोली तेवढी जागेवर होती. मोरी कुठे, मिठाची बरणी कुठे, हे पायांना ठाऊक होतं. हेमांगी तेव्हा भावाशी भांडली होती. घरातल्या सुऱ्या, विळी, किसणी, बाबांची कातरसुद्धा, सगळं काढून घेते, असं म्हणाली. आमची सुरी देते. त्या सुरीने ती स्वतःला काही करून घेऊच शकणार नाही, मग तर झालं? राजेशला पटलं. आईला पटलं की नाही, कुणी विचारलं नाही. हेमांगीने आईसमोर बसून सुरी चालू केली, आपला अंगठा टेकवला, पातं थांबलं. "बघ, लागत नाही," ती म्हणाली. आईने बराच वेळ तिच्या अंगठ्याकडे पाहिलं होतं. मग "लागणा नाय?" असं विचारलं होतं, आणि हेमांगीने अभिमानाने मान हलवली होती.

त्यानंतरची एक गोष्ट रिक्षात तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. श्रावणात ती जेवायला गेली होती, आईने भेंडीची भाजी केली होती. चव तीच. पण घास घ्यायला गेलं तर तुकडे सुटे होईनात, एकमेकांना सालीला धरून लोंबकळत होते. "आई, भेंडीची माळ केलीस की!" हेमांगी हसली होती. आई हसली नव्हती. आज खोदलेल्या रस्त्यावर, धुळीत, तिला कळलं ते कशामुळे. आई फळीवर चिरत नव्हती. आईने आयुष्यात फळी वापरलीच नव्हती. विळी नसली की सुरीने चिरायची ती हातातच, भाजी बोटांत धरून, सुरी स्वतःकडे ओढत, अंगठ्यावर आणून थांबवत. तिची फळी म्हणजे तिचा अंगठा. पवईच्या त्या इमारतीत दोन वर्षं कापलं गेलेलं प्रत्येक गाजर फळीवर कापलं गेलं होतं, कारण खोक्यावरच्या चित्रात फळी होती. त्या इमारतीत आईचा हात ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिलाही तो आठवला नव्हता. म्हणजे प्रत्येक भेंडी, प्रत्येक मिरची, प्रत्येक कांदा कापताना, काप पुरा व्हायच्या क्षणी पातं आईच्या अंगठ्याला टेकत होतं आणि मरत होतं. दिवसातून किती वेळा, देव जाणे. माझ्या हाताला समजवायला महिना लागला, हेमांगीला वाटलं. तिच्या हाताला तर मी चांगली सहा-सात महिने शिकवणी लावली. आता तो हात आज विळीच्या पात्याला कुंकू लावणार, बोटाने, टोकापासून बुडापर्यंत. दरवर्षी लावतो तसा, पण या वर्षी भीती नसलेला हात. "दादा, जरा बाजूने काढा ना," ती रिक्षावाल्याला म्हणाली, आणि तिचा आवाज इतका विचित्र आला की त्याने वळून पाहिलं.

चाळीच्या दारात जयंती रांगोळीला बसली होती. तिने काही विचारायच्या आत हेमांगी खोलीत शिरली. आई पाटासमोर बसली होती, पाय पसरून, नऊवारीचा ओचा सावरून, जित्तीजागती. विळीला कुंकू लावून झालं होतं. पात्याच्या कुशीला, बरोबर आडवी बोटं, धारेपासून लांब. खाली झेंडू, हळदीची वाटी, समईत वात. हेमांगी उंबऱ्याजवळच बसली. सगळा रस्ताभर धरून ठेवलेलं रडू बाहेर आलं आणि त्याबरोबर हसूही. काही झालं नव्हतं. हात विसरला नव्हता. सहा महिन्यांची शिकवणी सत्तर वर्षांपुढे हरली होती, आणि तिला इतकं सुख झालं की तिने तिथल्या तिथे ठरवलं, राजेशला सांगायचं, आई इथेच राहील. "कोण गो?" आईने विचारलं. "मी, आई. हेमांगी." "हेमांगी," आईने नाव घोळवून पाहिलं आणि मान डोलावली, पटल्यासारखं केलं. "बस. पूजा झाली. आता तुका काय देव? आज काय कापूक नाय." हेमांगी सरकून जवळ गेली आणि तिने आईचा हात हातात घेतला. डावा. नुसता धरावा म्हणून.

अंगठा तिला ओळखू आला नाही. काळ्या रेघा होत्या तिथे आता आडव्या चिरा होत्या. जुन्या, भरलेल्या, पांढऱ्या पडलेल्या, त्यांच्यावर नव्या, खपली धरलेल्या, आणि सगळ्यांत वर एक आजची, ओली. बारीक होत्या सगळ्या. एका मापाच्या, शेजारी शेजारी, सवडीने घातलेल्या. चुकून लागलेलं असं नसतं. "आई, हे काय?" तिने विचारलं. आईने हात सोडवून घेतला नाही. उलट अंगठा दिव्याकडे वळवून धरला, नातवाचा दात दाखवावा तशा कौतुकाने. "सकाळी उठलंय की पयला ह्याच," ती म्हणाली. "वायच टेकवचा आडाळीक. रगात येता. हुनहुनीत येता. मगे चाय घेतंय."

"पण कशाला? आई, कशाला गं?"

आईने तिच्याकडे पाहिलं, इतकं साधं कसं कळत नाही म्हणून. "ती तुजी सुरी माका लागणा नाय," ती म्हणाली. "पयल्या दिसापासून लागणा नाय. भाजयेक लागता, मासळेक लागता, माकाच लागणा नाय. मिया म्हटलंय, असा कसा? भूक लागणा नाय, झोप लागणा नाय, आता सुरीव लागणा नाय. मेल्या माणसाक धार लागता काय?" मग आवाज खाली आणून, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून, "मी कोणाक सांगलंय नाय. जयंतीकडसून आडाळी काढून घेतलंय. हिका इचारलंय. ही खोटा बोलणा नाय. ही लागली. तेवा समाजला, आसंय मी अजून." तिने विळीकडे मायेने पाहिलं. "रोज इचारूक व्हया पण. काल आसलंय म्हणान आज आसंयच, असा नसता."

 हेमांगीने सुरीच्या खोक्यासाठी जे लिहिलं होतं ते आता तिला पुरतं ऐकू येत होतं. लागत नाही. दोन शब्द, आणि त्यांत काय काय मावतं याचा विचार कुणी केला नव्हता. भूक लागते, ठेच लागते, कोण कोणाचं कोण लागतं. आईला समजवावं, यंत्र आहे गं ते, बॅटरी आहे, कातडी टेकली की पात्याला कळतं, असं काहीतरी ती बोलायलाही लागली. आई ऐकत होती, परक्या बाईचं ऐकावं तसं, मान डोलावत. पण हेमांगीच्या डोळ्यांसमोर तो अंगठा होता, आणि त्यावर आता नव्या चिरेला जागा उरली नव्हती. उद्या मनगटाकडे सरकायचं का? आज वायच टेकवते, उद्या टेकवलंय हे विसरली, की पुन्हा टेकवेल, पुन्हा विसरेल. मग तिने जे कुणीही केलं असतं ते केलं. उठली, पाटावरून विळी उचलली, झेंडू खाली पडले, वर्तमानपत्रात गुंडाळली, बाहेर जाऊन जयंतीच्या हातात दिली. "तुमच्या घरात ठेवा. मागितली तरी देऊ नका. शपथ आहे तुम्हाला." जयंतीने ती घेतली. हेमांगीला वाटलं, आई ओरडेल, अंगावर येईल, निदान रडेल. तिची तेवढी तयारी होती.

ती आत आली तेव्हा आईने मांडणीवरची ती बॅटरीची सुरी घेतली होती. बटण दाबायला तिला आता छान यायचं. चालू पात्यावर तिने अंगठा टेकवला. ते थांबलं. तिने थोडी वाट पाहिली, पुन्हा बटण दाबलं, दुसरं बोट टेकवलं. थांबलं. एकेक करून तिने सगळी बोटं लावून पाहिली, गालालाही लावलं, आणि मग सुरी हळूच पाटावर ठेवली, विळी होती त्या जागी. "नाय," ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं, एक काम उरकल्याची दमणूक होती. तिने बसायचं जाजम गुंडाळून बाजूला केलं. उघड्या लादीवर आडवी झाली, लुगडं घोट्यापर्यंत नीट ओढून घेतलं, पाय दक्षिणेला, मोरीच्या बाजूला केले आणि हात छातीवर जुळवले. तिच्या सासूला गेल्यावर असंच ठेवलं होतं, याच लादीवर, आणि बाबांनाही. "आई, उठ," हेमांगी म्हणाली. "लादी गार आहे. उठ ना गं." आईने मान हलवली. "दिवो वायच उशाकडे सरकव," ती म्हणाली. "राजेशाक कळयलंस?"

हेमांगीने समई सरकवली नाही. ती आईजवळ बसली, तिने आईचा खांदा धरला, हलवला. अंग ऊबदार होतं. छाती वरखाली होत होती. "तू आहेस, आई. माझ्याकडे बघ. आहेस तू. मी सांगते ना!" ती बोलत राहिली, एकच वाक्य पुन्हा पुन्हा, बाहेर जयंतीची रांगोळी थांबल्याचं तिला कळत होतं, आणि या वाक्यात कापण्यासारखं काही नव्हतं हेही कळत होतं. बोथट वाक्य. ते आईच्या अंगावरून सरकून लादीवर पडत होतं. आईने डोळे मिटून घेतले आणि एक हात उचलून, चाचपडत, तिच्या डोक्यावर ठेवला. "रडा नको गो बाय," आई म्हणाली, मयताला आलेल्या लांबच्या नातलगाला म्हणावं तसं. "म्हातारी होती. गेली ता बरा झाला. कोणाक तरास दिल्यान नाय." हेमांगीने तो हात गालाशी धरला. हुंदका आवरून तिने काहीतरी विचारलं, आणि काय विचारलं ते स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर ती गारठली, कारण तिने विचारलं होतं, "कधी गेलीस गं आई?"

आईने डोळे उघडले नाहीत.

"तू ती सुरी आणलंस ना," ती म्हणाली, "तेवाच."